क्रिकेटचं टाइम-टेबल कोण लावतं?



हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये क्रिकेटवर दोनच प्रकारच्या चर्चा होतात. पहिली, आज कोणी मारलं आणि कोणी माती खाल्ली. दुसरी, "आयपीएलने क्रिकेटची पार वाट लावली" विरुद्ध "आयपीएल नसती तर या पोरांना विचारलं कोणी असतं?" दोन्ही पार्ट्या जोरजोरात बोलतात, मेसची वेळ होते आणि चर्चा तिथेच संपते. आकडे मात्र कोणाकडेच नसतात. म्हणून ठरवलं की हा विषय आपल्या प्रॅक्टिकलच्या जर्नलसारखा मांडायचा. आधी उद्देश, मग थिअरी, निरीक्षणं, गणित आणि शेवटी निष्कर्ष. मी ईअँडटीसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि शाळा कॉन्व्हेंटची. 'एकोणसाठ', 'एकोणऐंशी' असे शब्द लिहिण्यापेक्षा सरळ अंक लिहिलेला मला बरा वाटतो. भाषा थोडी मिक्स होईल, सांभाळून घ्या.

१. उद्देश

वर्षाचे दिवस ३६५. ते बीसीसीआयला वाढवता येत नाहीत, आयसीसीलाही नाही. या दिवसांत पाच दिवसांच्या टेस्ट बसवायच्या, वन-डे बसवायच्या, टी-ट्वेंटी बसवायच्या, वर्ल्ड कप बसवायचे, रणजी बसवायची आणि लीगही बसवायच्या. शिवाय खेळाडूला प्रवास करायचा असतो, झोपायचं असतं, दुखरा खांदा बरा करायचा असतो. मग कोणता दिवस कोणाला द्यायचा हे ठरवतं कोण? आणि कशाच्या आधारावर?

२. थिअरी

ज्यांनी कम्युनिकेशन शिकलंय त्यांना हे लगेच कळेल, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. एकाच तारेवरून अनेक जणांना बोलायचं असेल तर वेळेचे छोटे छोटे तुकडे पाडतात. पहिला तुकडा तुझा, दुसरा माझा, तिसरा तिचा. याला टाइम डिव्हिजन मल्टिप्लेक्सिंग म्हणतात. या तुकड्यांना स्लॉट म्हणतात. दोघांनी एकाच स्लॉटमध्ये बोलायला सुरुवात केली की टक्कर होते आणि कोणाचंच धड ऐकू येत नाही. म्हणून मधे एक मल्टिप्लेक्सर बसवलेला असतो. कोण कधी बोलणार हे तो ठरवतो आणि ते सगळ्यांना पाळावं लागतं.

क्रिकेटचं कॅलेंडर ही अशीच एक तार आहे. दिवस म्हणजे स्लॉट. आणि सगळे स्लॉट सारख्या किमतीचे नसतात. मंगळवारी सकाळी साडेनऊचा स्लॉट आणि रविवारी संध्याकाळी साडेसातचा स्लॉट यांत काय फरक आहे ते कोणत्याही जाहिरातदाराला विचारा. टेस्ट मॅच कामाच्या वेळेतले पाच स्लॉट घेते. लीगची मॅच एकच घेते, पण नेमका तो, ज्या वेळी घरोघरी जेवणाची ताटं टीव्हीसमोर आलेली असतात.

आता गंमत अशी की या तारेवर मल्टिप्लेक्सरच नाही. आपल्याला वाटतं आयसीसी सगळं ठरवते. प्रत्यक्षात आयसीसीचा थेट ताबा आपल्या स्वतःच्या स्पर्धांवर असतो, म्हणजे वर्ल्ड कप, चॅम्पियन्स ट्रॉफी आणि २०१९ पासून सुरू झालेली वर्ल्ड टेस्ट चॅम्पियनशिप. बाकी दौरे दोन देशांची बोर्डं आपसांत ठरवतात आणि ते सगळं एका तक्त्यात भरलं जातं. त्या तक्त्याला फ्युचर टूर्स प्रोग्राम म्हणतात. टेस्ट चॅम्पियनशिपमध्येसुद्धा कोणाशी किती टेस्ट खेळायच्या हे बोर्डंच ठरवतात. यजमान बोर्डाला त्या मॅचेसच्या टीव्ही हक्कांचे पैसे मिळतात. म्हणून भारताचा दौरा आपल्याकडे यावा असं प्रत्येक बोर्डाला वाटतं. भारत आला की तिजोरी भरते.

३. थोडा इतिहास

टीव्हीवाल्याने क्रिकेटचं वेळापत्रक बदललं असं पहिलं मोठं उदाहरण ऑस्ट्रेलियातलं. केरी पॅकर या चॅनल नाइनच्या मालकाला तिथल्या बोर्डाकडून प्रक्षेपणाचे हक्क हवे होते, बोर्डाने दिले नाहीत. मग १९७७ मध्ये त्याने जगभरचे खेळाडू गुपचूप करारबद्ध केले आणि स्वतःचंच क्रिकेट सुरू केलं, वर्ल्ड सीरीज क्रिकेट. रात्रीचे दिवे, पांढरा चेंडू, रंगीत कपडे हे सगळं तिथे रुळलं. त्यामागे साधा विचार होता की माणूस ऑफिसातून घरी आल्यावर मॅच चालू असली पाहिजे. १९७९ मध्ये बोर्डाने तडजोड केली आणि पॅकरला हक्क मिळाले.

आपल्याकडे गोष्ट वेगळी होती. दूरदर्शन एकटंच होतं, आणि मॅच दाखवण्यासाठी दूरदर्शनच आमच्याकडे पैसे मागायचं, असं बोर्डाच्या त्या काळातल्या अधिकाऱ्यांनी सांगितलंय. आज हे ऐकून हसू येतं. १९९३ मध्ये बंगालच्या क्रिकेट असोसिएशनने हीरो कपचे हक्क ट्रान्स वर्ल्ड इंटरनॅशनल या परदेशी कंपनीला विकले आणि वाद पेटला. सरकारी बाजूचं म्हणणं, १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याप्रमाणे देशातून प्रक्षेपण करण्याचा अधिकार आमचाच. (हो, हीच ती स्पर्धा, जिच्या सेमीफायनलमध्ये ईडन गार्डन्सवर साउथ आफ्रिकेला शेवटच्या ओव्हरमध्ये ६ रन हवे असताना सचिनने बॉल हातात घेतला आणि ३ च दिले.) प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. फेब्रुवारी १९९५ मध्ये निकाल लागला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लिहिलेल्या त्या निकालाचं सार असं, की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यावर सरकारची मक्तेदारी नाही आणि कोणा खासगी कंपनीचीही नाही. लोकांच्या हितासाठी एका स्वतंत्र संस्थेने त्यांचं नियमन करावं.

हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

पुढचं वळण २००७ चं. प्रक्षेपण हक्कांच्या शर्यतीत मनासारखं न झाल्यावर झीच्या सुभाष चंद्रांनी पॅकरसारखंच केलं आणि इंडियन क्रिकेट लीग काढली. बीसीसीआयने त्यात खेळणाऱ्यांवर बंदी घातली आणि सप्टेंबर २००७ मध्ये आपली लीग जाहीर केली. १८ एप्रिल २००८ ला बंगळुरूमध्ये ब्रेंडन मॅक्कलमने नाबाद १५८ मारले आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

म्हणजे बघा, १९७७ असो की २००७, दोन्ही वेळी सुरुवात हक्क न मिळालेल्या टीव्हीवाल्यापासून झाली. खेळात काही कमी होतं म्हणून कोणी लीग काढली नाही. स्लॉट विकत मिळेना, म्हणून स्वतःचा स्लॉट तयार केला.

४. गणित

आता कॅल्क्युलेटर घ्या.

आयपीएलच्या सुरुवातीच्या हक्कांचा दहा वर्षांचा करार सोनी आणि वर्ल्ड स्पोर्ट ग्रुपशी झाला, सुमारे १०० कोटी डॉलरचा. २०१७ मध्ये स्टारने पुढच्या पाच वर्षांसाठी १६,३४७.५ कोटी रुपये मोजले. वर्षाला ६० मॅचेस धरल्या तर एका मॅचला ५४.५ कोटी. जून २०२२ मध्ये २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचा लिलाव झाला, एकूण ४८,३९० कोटी. टेंडरमध्ये मॅचेस धरल्या होत्या ४१०. भागाकार करा, एका मॅचला ११८ कोटी!

बरं, भारताच्या घरच्या मॅचेसचं काय? २०२३ ते २०२८ साठी व्हायाकॉम १८ ने ८८ मॅचेसना ५,९६३ कोटी दिले. म्हणजे सरासरी ६७ कोटी ७६ लाख. यात टेस्ट, वन-डे, टी-ट्वेंटी सगळं आलं. देशाचा संघ पाच दिवस घाम गाळतो त्याची किंमत सरासरीत सत्तावन्न टक्क्यांच्या आसपास, आणि मुंबई विरुद्ध चेन्नई एका संध्याकाळची शंभर टक्के. इथेच निम्मा निकाल लागतो.

आता ४१० हा आकडा आला कुठून? मला हा भाग सगळ्यात आवडला. पहिली दोन वर्षं ७४, पुढची दोन ८४ आणि शेवटचं वर्ष ९४ असं टेंडरमध्ये होतं. बेरीज करा, ४१० येते. पण ७४, ८४, ९४ च का? टीम १० आहेत. प्रत्येक टीमने १४ मॅचेस खेळल्या तर १० गुणिले १४ भागिले २, म्हणजे ७०. (दोनाने भागायचं, कारण एका मॅचमध्ये दोन टीम असतात.) त्यात ४ प्लेऑफ मिळवा, ७४. प्रत्येकी १६ केल्या तर ८० अधिक ४, म्हणजे ८४. आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा घरी आणि एकदा बाहेर खेळायचं, म्हणजे प्रत्येकी १८, तर ९० अधिक ४. झाले ९४! पूर्ण डबल राउंड रॉबिन. म्हणजे वाढ कुठवर जाणार हे आकड्यांतच लिहून ठेवलं होतं.

पण कागदावरचं प्रत्यक्षात उतरायला दिवस लागतात. २००८ ची आयपीएल १८ एप्रिल ते १ जून, ४५ दिवसांत संपली. २०२४ ची २२ मार्च ते २६ मे, म्हणजे ६६ दिवस. ६६ दिवसांत ९४ मॅचेस बसवायच्या तर किमान २८ दिवशी दोन-दोन मॅचेस ठेवाव्या लागतील. प्लेऑफच्या आधी-मधी सुट्टीचे दिवस धरले तर त्याहूनही जास्त. दोन मॅचेस म्हटलं की एक दुपारी साडेतीनला. मे महिन्यात दुपारी साडेतीनला वर्कशॉपमधून बाहेर पडताना काय वाटतं ते आठवा! टीव्हीवाल्यालाही दुपार नको असते, कारण बघणारे कमी. म्हणजे एक तर दिवस वाढवा, नाही तर दुपार भरा. दिवस वाढवायचे तर ते कोणाचे तरी काढून घ्यावे लागणार. २०२५ मध्ये ८४ मॅचेस व्हायच्या होत्या, प्रत्यक्षात वेळापत्रक ७४ चंच ठेवलं, कारण खेळाडूंवर आधीच भरपूर ताण होता. इथे तार पहिल्यांदा पूर्ण भरलेली दिसते.

आणखी एक छोटं गणित. मॅचमध्ये स्ट्रॅटेजिक टाइमआउट असतो, अडीच मिनिटांचा, प्रत्येक इनिंगमध्ये दोन. म्हणजे मॅचमध्ये १० मिनिटं. दहा सेकंदांची एक जाहिरात धरली तर ६० जाहिराती मावतील एवढी जागा. टेस्टमध्ये याहून कितीतरी जास्त ओव्हर्स आणि तेवढ्याच मोकळ्या जागा असतात, पण बघणारा त्या वेळी वर्गात किंवा ऑफिसात असतो.

५. निरीक्षण : टक्कर

ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर झालेल्या आंतरराष्ट्रीय वेळापत्रकात मे २०२३ ते एप्रिल २०२७ या चार वर्षांत १२ देशांसाठी ७७७ सामने होते. १७३ टेस्ट, २८१ वन-डे, ३२३ टी-ट्वेंटी. सगळ्या टेस्ट पाचही दिवस चालल्या असं धरलं तर एका देशाच्या वाट्याला वर्षाला सरासरी ६१ दिवस येतात. (१७३ गुणिले ५, अधिक २८१, अधिक ३२३, गुणिले २, भागिले १२, भागिले ४. करून बघा.) ऐकायला कमी वाटतं, पण मधे प्रवास आणि विश्रांती धरलेली नाही. आता त्याच्या शेजारी आयपीएलचे ६६ दिवस ठेवा. त्याच वेळापत्रकात मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंतचा अडीच महिन्यांचा काळ आयपीएलसाठी बहुतेक मोकळा ठेवला गेला.

फक्त आयपीएल असती तरी एक वेळ निभावलं असतं. पण भारताचं बघून सगळ्यांनी दुकानं उघडली. जानेवारी २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाची बिग बॅश, साउथ आफ्रिकेची एसए ट्वेंटी, यूएईची आयएल टी-ट्वेंटी आणि बांगलादेशची लीग एकाच वेळी चालू होत्या. टी-ट्वेंटीतला चांगला बॉलर मात्र एका वेळी एकाच गावात असू शकतो.

टक्कर कशी दिसते त्याचं टेक्स्टबुक उदाहरण साउथ आफ्रिका. त्यांच्या लीगमधल्या सहाही टीम आयपीएलच्याच मालकांच्या. आधी २०२२ मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियातली तीन वन-डेची मालिका सोडून दिली, कारण तारखा जानेवारी २०२३ च्या होत्या. त्या मॅचेसचे गुण वर्ल्ड कपच्या थेट प्रवेशासाठी मोजले जाणार होते, तरीही सोडली. मग न्यूझीलंडमध्ये दोन टेस्ट होत्या, फेब्रुवारी २०२४ मध्ये. तेव्हा एसए ट्वेंटी चालू होती आणि करार असलेले खेळाडू लीगलाच बांधलेले होते. मग टेस्टला कोण गेलं? नील ब्रँडच्या कप्तानीत नवा संघ. तो स्वतः त्याआधी एकही टेस्ट खेळलेला नव्हता! १४ जणांत ७ जण टेस्ट न खेळलेले. पहिली टेस्ट २८१ रनांनी हरले, दुसरीही हरले. न्यूझीलंडने साउथ आफ्रिकेविरुद्ध टेस्ट मालिका जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

बोर्डाचं म्हणणं असं की तारखा आधीच ठरल्या होत्या, बदलून मिळाल्या नाहीत, आणि ही लीग चालली नाही तर बोर्डाकडे टेस्ट खेळवायलाही पैसे उरणार नाहीत. हे खोटं म्हणता येत नाही. पण याचा अर्थ काय होतो बघा. टेस्ट वाचवण्यासाठी लीग, आणि लीगसाठी टेस्टमध्ये दुसरा संघ. आपल्या भाषेत सांगायचं तर सिग्नल टिकावा म्हणून पॉवर वाढवली आणि त्या पॉवरनेच नॉइज वाढला.

खेळाडूंनी आपापलं उत्तर शोधलं. ट्रेंट बोल्टने ऑगस्ट २०२२ मध्ये न्यूझीलंडच्या बोर्डाचा करार सोडला. बेन स्टोक्सने त्याच वर्षी तिन्ही प्रकार झेपत नाहीत असं सांगून वन-डे सोडल्या. निकोलस पूरनने जून २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेटच सोडलं, वय अवघं २९. यांना लोभी म्हणणं सोपं आहे. कॅम्पस इंटरव्ह्यूमध्ये पॅकेज बघून कंपनी निवडणाऱ्या आपण तरी ते म्हणू नये!

६. आपल्या घरात

परदेशाचं राहू दे, रणजीकडे या. २०२०-२१ मध्ये रणजी ट्रॉफी झालीच नाही. १९३४-३५ पासून सुरू असलेली स्पर्धा पहिल्यांदा थांबली. कोरोना होता हे खरं. पण त्याच काळात आयपीएल यूएईला जाऊन १९ सप्टेंबर ते १० नोव्हेंबर २०२० या दिवसांत पूर्ण खेळली गेली. त्या वर्षीचा टी-ट्वेंटी वर्ल्ड कप पुढे ढकलला गेल्यामुळे ती जागा मोकळी झाली होती. पुढच्या वर्षी रणजी झाली, पण मधोमध चिरून. लीग सामने फेब्रुवारी-मार्चमध्ये, मग मधे आयपीएल, मग नॉकआउट जूनमध्ये. मध्य प्रदेशने मुंबईला हरवलं तेव्हा तारीख होती २६ जून २०२२. २०२४-२५ लाही रणजी दोन तुकड्यांत झाली. या वेळी मधे पांढऱ्या चेंडूच्या देशांतर्गत स्पर्धा होत्या आणि उत्तरेतली थंडी-धुकं, खेळाडूंची विश्रांती अशी पटण्यासारखी कारणंही होती. शेवटी मार्च २०२५ मध्ये नागपुरात आपल्या विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी जिंकली. किती जणांनी बघितली? आमच्या टीव्ही रूममध्ये तीन. त्यातला एक झोपला होता.

मेकॅनिकलचा एक सीनियर विद्यापीठाच्या टीमकडून खेळतो, मीडियम पेसर. त्याला विचारलं, तू लाल चेंडूची प्रॅक्टिस जास्त करतोस की पांढऱ्या? तो म्हणाला, "अगं, चार दिवस फिल्डिंग करून पाय सुजवायचे, ते बघायला कोण येतं? चार ओव्हर्समध्ये यॉर्कर टाकता आले तर एखादा स्काउट तरी बघेल." मग मी त्याचंही गणित करून पाहिलं. नव्या रणजी खेळाडूला दिवसाला ४० हजार मिळतात (सप्टेंबर २०२१ मध्ये ठरलेला दर). साखळीत ७ मॅचेस, प्रत्येकी ४ दिवस, म्हणजे २८ दिवसांचे ११ लाख २० हजार. तेही सगळ्या मॅचेसमध्ये अकरात असेल तर. २०२५ च्या आयपीएल लिलावात सगळ्यात कमी बोली ३० लाखांची होती, आणि त्या वर्षापासून प्रत्येक मॅचचे साडेसात लाख वेगळे. म्हणजे आयपीएलच्या दोन मॅचेसची फी रणजीच्या अख्ख्या साखळीहून जास्त. आता सांगा, तो चुकीचं बोलतोय का?

७. दुसरी बाजू

पण जर्नलमध्ये फक्त आपल्याला हवी ती रीडिंग्ज लिहिली की सर सही करत नाहीत. म्हणून हेही लिहिते.

ते दिवसाचे ४० हजार आले कुठून? जून २०२२ मध्ये हक्कांचा लिलाव चालू असतानाच बोर्डाने जुन्या खेळाडूंची पेन्शन वाढवली. ज्या फर्स्ट-क्लास खेळाडूंना महिन्याला १५ हजार मिळत होते त्यांना ३० हजार झाले. ज्यांनी आयुष्यभर रणजी खेळली आणि आयपीएल घरी बसून बघितली, त्यांच्यासाठी हे छोटं नाही. मार्च २०२३ मध्ये मुलींची डब्ल्यूपीएल सुरू झाली, नवी मुंबई आणि मुंबईच्या मैदानांवर. तिच्या पाच वर्षांच्या हक्कांना ९५१ कोटी मिळाले. आमच्या गर्ल्स हॉस्टेलमध्ये रिमोटसाठी भांडण व्हायला लागलं ते तेव्हापासून. मार्च २०२४ मध्ये बोर्डाने टेस्टसाठी जास्तीचे पैसे जाहीर केले. सीझनमधल्या ७५ टक्के टेस्टमध्ये अकरात असाल तर प्रत्येक टेस्टला १५ लाखांच्या फीवर आणखी ४५ लाख. म्हणजे लीगचा पैसा टेस्टकडे वळवता येतो, इच्छा असेल तर.

आणि सगळ्यात मोठं उलटं रीडिंग पुन्हा साउथ आफ्रिकेचंच. ज्या देशाने न्यूझीलंडला दुसरा संघ पाठवला, त्याच देशाने जून २०२५ मध्ये लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाला हरवून टेस्ट चॅम्पियनशिप जिंकली. मग टेस्ट मेली कुठे? खरंय. पण बाजूचा आकडा बघा. त्या दोन वर्षांच्या साखळीत त्यांना टेस्ट मिळाल्या १२, सगळ्या दोन-दोनच्या मालिका. इंग्लंडला मिळाल्या २२. वर्गात पहिला आलेल्या मुलाला कॉलेजने निम्मीच लेक्चर्स दिली होती असं झालं हे. तो हुशार आहे हे सिद्ध झालं, कॉलेज चांगलं आहे हे नाही.

८. एक मधलं पान : एप्रिल २०१६

वेळापत्रकात फक्त दिवस लागत नाहीत, पाणीही लागतं. २०१६ च्या उन्हाळ्यात मराठवाड्यात दुष्काळ होता. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला पोचली. दुसऱ्याच दिवशी मुंबई हायकोर्टाने सांगितलं की ३० एप्रिलनंतरच्या आयपीएल मॅचेस महाराष्ट्राबाहेर न्या. १३ मॅचेस गेल्या, मुंबईची फायनलसुद्धा बंगळुरूला गेली. मैदानांवरचं पाणी वाचून दुष्काळ हटला का, यावर तेव्हाही वाद झाला आणि तो रास्तच आहे. मला त्यात वेगळी गोष्ट दिसते. जे वेळापत्रक कोणाच्याच सांगण्याने हलत नाही असं वाटत होतं, ते एका जनहित याचिकेने हललं. कारण कोणीतरी विचारलं, हे पाणी कोणाचं?

९. निष्कर्ष

आता १९९५ चा तो निकाल आठवा. लहरी कोणाच्या, हा प्रश्न कोर्टाने विचारला आणि लोकांच्या असं उत्तर दिलं. पुढे २००७ मध्ये कायदा झाला आणि देशाच्या महत्त्वाच्या मॅचेसचं चित्र दूरदर्शनला देणं खासगी चॅनलला बंधनकारक झालं. आयपीएल त्यात येत नाही. म्हणजे मॅच बघण्याच्या हक्काबद्दल थोडाफार तरी विचार झाला. पण कॅलेंडरवरचे दिवस कोणाचे, हा प्रश्न अजून कोणी नीट विचारलेला नाही. तारेवर मल्टिप्लेक्सर नसल्यामुळे ज्याचा आवाज मोठा त्याला स्लॉट मिळतो. आवाज मोजायचं एकक आहे कोटी रुपये. आणि सगळ्यात मोठ्या आवाजाची चॅनल्सही आता एकत्र झाली आहेत. २०२२ च्या लिलावात टीव्हीचे हक्क डिस्ने स्टारने घेतले आणि डिजिटलचे व्हायाकॉम १८ ने, दोघं एकमेकांचे स्पर्धक होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये दोघांचं मिळून जिओस्टार झालं. पुढच्या लिलावात बोली लावायला समोर दुसरा कोण असेल, हा बोर्डालाही पडणारा प्रश्न आहे. ज्या पैशावर हे सगळं वेळापत्रक उभं आहे तो दर वेळी दुप्पट-तिप्पट होईलच याची गॅरंटी नाही. मग ज्यांनी आपले दिवस आधीच देऊन टाकले, त्यांना ते परत कसे मिळणार?

माझं मत असं, की लीग बंद करा म्हणणं बावळटपणा आहे. मागणी एवढीच हवी की तारेवर मल्टिप्लेक्सर बसवा. वर्षातले काही आठवडे असे ठरवा, ज्यात जगात कुठेच लीग नसेल आणि फक्त टेस्ट असतील. रणजीला असा एक सलग काळ द्या जो कोणी चिरणार नाही. आणि लीगच्या उत्पन्नातला ठरावीक वाटा लहान बोर्डांच्या टेस्टसाठी बाजूला काढा, म्हणजे जानेवारीत कोणाला संघ आणि पैसा यांतलं एक निवडावं लागणार नाही. हे अवघड आहे, पण इंजिनिअरिंगमध्ये अशक्य नाही. मोबाइल कंपन्या एकमेकींचे कट्टर शत्रू असतात, तरी आपापल्या फ्रिक्वेन्सीत गुमान राहतात, कारण कोणीतरी नियम केला आणि तो पाळायला लावला.

जाता जाता, टीव्ही रूमच्या पुढच्या भांडणासाठी व्हायवाचे तीन प्रश्न :

१) टीम १० च्या १२ झाल्या आणि पूर्ण डबल राउंड रॉबिन ठेवली, तर प्लेऑफसकट मॅचेस किती? ६६ दिवसांत बसतील का?

२) तुम्ही न्यूझीलंडच्या बोर्डाचे अध्यक्ष आहात. पाहुणा संघ दुसऱ्या फळीचा येणार आहे. टीव्हीवाला पैसे कमी करायला सांगतो. तुम्ही मालिका रद्द कराल, पुढे ढकलाल की खेळाल?

३) आपल्या त्या मेकॅनिकलच्या मीडियम पेसरला तुम्ही लाल चेंडू द्याल की पांढरा? कारणासहित उत्तर द्या. "डिपेंड्स" हे उत्तर चालणार नाही.

पहिल्याचं उत्तर १३६. उरलेल्या दोघांचं ज्याला सापडेल त्याने मला मेसमध्ये गाठावं, चहा माझ्याकडून.